पैसा, सक्ती, शिक्का : धर्म आणि सरकार यांविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांत धर्म आणि सरकार यांच्यातली रेघ नेमकी कुठे आहे, हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. सारखी पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत. प्रत्यक्ष दावा किंवा तक्रार करायची असेल तर आपली कागदपत्रे घेऊन वकिलाला एकदा भेटावे.

प्रश्न : इथे अमेरिकेत सरकारी शाळा मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेत नाही आणि सरकार देवळाचे विश्वस्त नेमत नाही. भारतात सरकार पंढरपूर आणि शिर्डीला समित्या नेमते, कुंभमेळ्यासाठी पैसा देते. मग भारत धर्मनिरपेक्ष कसा? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : दोन्ही देशांपुढचे प्रश्न वेगळे होते, म्हणून उत्तरेही वेगळी निघाली. अमेरिकेच्या संविधानातली पहिली दुरुस्ती १७९१ची. सरकारने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये आणि कुणाच्या धर्माचरणात आडकाठी आणू नये, असे ती सांगते. याच दुरुस्तीच्या आधारे १९६२मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एंगल विरुद्ध व्हिटाले या खटल्यात सरकारी शाळेतली सरकारी प्रार्थना घटनाबाह्य ठरवली.

आपल्याकडे देवळाच्या दारात माणसाला अडवले जात होते आणि अडवणारा धर्माचेच नाव घेत होता. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३०ला सुरू झाला. तो काही वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. विठ्ठलाचे देऊळ सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले. ‘हा धर्माचा मामला आहे’ असे म्हणून सरकार बाजूला राहिले असते, तर ही दारे कायद्याने कधीच उघडली नसती. म्हणून संविधानाच्या अनुच्छेद २५ने प्रत्येकाला सद्सद्विवेकाचे आणि धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले आणि त्याच अनुच्छेदात दोन अधिकार सरकारकडे ठेवले. धर्माशी जोडलेल्या आर्थिक आणि इतर ऐहिक व्यवहारांचे नियमन करता येते. समाजसुधारणेसाठी कायदा करता येतो आणि सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थाने सर्व हिंदूंना खुली करता येतात.

कुंभमेळ्याच्या पैशाचे उत्तर अनुच्छेद २७मध्ये आहे. एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी किंवा जोपासनेसाठी ज्याचे उत्पन्न खास राखून ठेवले आहे, असा कर भरण्याची सक्ती कुणावर करता येत नाही. लाखोंची गर्दी जमणार असेल तर पाणी, शौचालये, घाट, पोलीस आणि दवाखाने ही व्यवस्था सरकारला करावीच लागते. ती यात्रेला लागते तशी मोर्चालाही लागते. हज अनुदानाचे प्रकरण वेगळे होते, कारण तो प्रवासखर्चातला थेट वाटा होता. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले नाही, पण मे २०१२मध्ये दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले. सरकारने ते २०१८मध्येच थांबवले. एक अपवाद मात्र संविधानातच लिहिलेला आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. अनुच्छेद २९०-क प्रमाणे केरळच्या तिजोरीतून दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये त्रावणकोर देवस्वम निधीला आणि तामिळनाडूच्या तिजोरीतून १३ लाख ५० हजार रुपये तिथल्या देवस्वम निधीला जातात. संस्थाने विलीन होताना दिलेल्या शब्दातून हे आले आहे.

पुढच्या सगळ्या उत्तरांत आम्ही तीनच गोष्टी तपासल्या आहेत. पैसा कुणाचा, सक्ती कुणावर आणि शिक्का कुणाचा.

प्रश्न : ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द १९७६मध्ये घुसवला म्हणतात. तो काढला तर काय बदलेल? – एक वाचक, जळगाव

उत्तर : शब्द ४२व्या घटनादुरुस्तीने आला, हे खरे. पण सक्ती, कर आणि शाळा यांच्यावरचे निर्बंध अनुच्छेद २५ ते २८मध्ये आहेत आणि ते २६ जानेवारी १९५०पासून लागू आहेत. १९९४च्या बोम्मई निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने धर्मनिरपेक्षता हा संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, असे सांगितले. उद्देशिकेतला शब्द काढावा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये फेटाळली. तेव्हा शब्द काढला तरी आपल्या मुलाच्या शाळेतला किंवा गावच्या देवळातला एकही नियम बदलणार नाही.

प्रश्न : आमची शाळा खाजगी अनुदानित आहे. परिपाठात प्रार्थना असते आणि शनिवारी गीतापठण. दोन पालकांनी हरकत घेतली आहे. संस्थाचालक म्हणतात, शिस्त म्हणून सर्वांनी हात जोडलेच पाहिजेत. – मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा

उत्तर : आधी आपली शाळा अनुच्छेद २८च्या कोणत्या खणात बसते ते पाहा, कारण निम्मे वाद इथेच चुकतात. जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महापालिकेची शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते. तिथे धार्मिक शिक्षण देताच येत नाही, पालकांनी संमती दिली तरीही. आपल्यासारख्या मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते देता येते, पण विद्यार्थ्याला त्यात किंवा शाळेतल्या उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मूल सज्ञान नसेल तर पालकाची संमती लागते. अल्पसंख्याक संस्थेची शाळा असली तरी मान्यता किंवा अनुदान घेतल्यावर हाच नियम लागतो.

धर्मांविषयी माहिती देणे ही वेगळी बाब आहे. ज्ञानेश्वरी पाठ्यपुस्तकात असणे, ईद किंवा नाताळ म्हणजे काय ते सांगणे, हे धार्मिक शिक्षण ठरत नाही. २००२च्या अरुणा रॉय निकालाने हा फरक स्पष्ट केला आहे. परिपाठातली सर्वसाधारण प्रार्थना कोणत्या बाजूला पडते, यावर मतभेद आहेत. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत प्रार्थनेचा प्रश्न २०१९मध्ये घटनापीठाकडे सोपवला गेला. पण सक्तीबद्दल संदिग्धता नाही. केरळातली तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, गात मात्र नसत. त्यांना शाळेतून काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६मध्ये त्यांना परत घ्यायला लावले. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला, म्हणून त्याला वेतनश्रेणीचा लाभ नाकारला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३मध्ये निकाल त्याच्या बाजूने दिला. राष्ट्रगीताची ही कथा, मग गीतापठणाला हात जोडण्याची सक्ती कशी टिकेल?

आपण असे करावे. गीतापठण परिपाठातून काढून वेगळ्या तासिकेला ठेवावे. वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून लेखी संमती घ्यावी आणि तिच्यात पठणाचे नाव, वार, वेळ आणि ‘संमती केव्हाही मागे घेता येईल’ हे वाक्य असावे. प्रवेश अर्जातल्या बारीक अक्षरांत संमती घुसडू नये. जी मुले येणार नाहीत त्यांना वाचनालय किंवा चित्रकला असे खरे काम द्यावे. चूक बहुतेक इथे होते. कागदावर सक्ती नसते, पण न येणारे मूल पायऱ्यांवर एकटे बसलेले असते आणि आठवडाभर त्याला चिडवले जाते. मुलाच्या दृष्टीने ती शिक्षाच आहे.

पालकांसाठी : आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग अनुदानित शाळा असेल तर प्रकरण शाळा व्यवस्थापन समितीपुढे न्या. तिच्यात पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात. त्यानंतर गटशिक्षणाधिकारी, शेवटी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. अर्जात धर्मावर टीका नको. ‘माझी संमती नाही, अनुच्छेद २८(३)’ एवढे पुरते.

प्रश्न : आमच्या कचेरीत दरवर्षी सत्यनारायण होतो. वर्गणी पगाराच्या दिवशी गोळा करतात. नाही म्हटले तर साहेब लक्षात ठेवतात. हे कायदेशीर आहे का? – एक कर्मचारी, नागपूर

उत्तर : सरकारी कचेरीत पूजा करू नये असे थेट सांगणारे कलम नाही. न्यायालयांचा कलही पूजा झाली म्हणून हस्तक्षेप करण्याकडे नाही. गुजरात उच्च न्यायालयाच्या इमारतीच्या भूमिपूजनाविरुद्धची याचिका २०११मध्ये फेटाळली गेली. तेव्हा ‘पूजा झाली’ एवढ्याच मुद्द्यावर लढलात तर हाती काही लागणार नाही.

आपला मुद्दा वर्गणीचा आहे आणि तो भक्कम आहे. सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय वर्गणी मागता येत नाही. वरिष्ठाने हाताखालच्या माणसाकडे मागितली तर ती ऐच्छिक राहतच नाही. दुसरा मुद्दा कचेरीच्या पैशाचा. प्रसाद, मांडव, भटजींची दक्षिणा यांसाठी लेखाशीर्ष नसते. तो खर्च ‘किरकोळ’मध्ये दाखवला तर लेखापरीक्षणात आक्षेप निघू शकतो. तिसरा मुद्दा वेळेचा. अकरा ते दोन खिडकी बंद ठेवून पूजा केली तर बाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा हक्क मारला जातो. आम्हाला यात सर्वांत जास्त खुपते ते हेच.

माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो. ‘पूजा का केली’ असे विचारू नका, कारण ‘का’ला उत्तर देण्याचे बंधन नाही. अमुक तारखेच्या कार्यक्रमावर कोणत्या लेखाशीर्षातून किती खर्च झाला, त्या खर्चाच्या प्रमाणकांच्या (व्हाउचरच्या) प्रती, आणि त्या दिवशी कामकाज थांबवण्याचा आदेश असल्यास त्याची प्रत, एवढेच मागा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर २० रुपये शुल्क भरून पहिले अपील करा.

कचेरीच्या आवारात नवे देऊळ, मजार किंवा क्रूस उभा राहत असेल तर बाब गंभीर आहे. २९ सप्टेंबर २००९च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने रस्ते, बागा आणि सार्वजनिक जागांवर नवे धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये असे बजावले आहे. जुन्या अनधिकृत बांधकामांसाठी राज्य सरकारने मे २०११मध्ये तीन वर्ग ठरवले : नियमित करण्याजोगी, पाडायची आणि हलवायची. तक्रार करताना बांधकाम २९ सप्टेंबर २००९च्या आधीचे की नंतरचे, याचा पुरावा जोडा. जुने छायाचित्र किंवा मोजणी नकाशा चालतो. तो नसेल तर प्रकरण ‘प्राचीन स्थान आहे’ या उत्तरावर अडकून राहते.

प्रश्न : सरकार फक्त देवळेच का ताब्यात घेते? दानपेटीतला पैसा तिजोरीत जातो का? आमच्या ग्रामदैवताचा ट्रस्ट आहे, पण त्यावरची निम्मी नावे वारलेल्या माणसांची आहेत. काय करावे? – एक विश्वस्त, सांगली जिल्हा

उत्तर : पहिल्या दोन प्रश्नांत थोडी गल्लत आहे, ती आधी सोडवू. नोंदणी आणि ताबा या वेगळ्या गोष्टी आहेत. १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा देऊळ, चर्च, अग्यारी, जैन मंदिर सर्वांना लागतो आणि त्याची देखरेख धर्मादाय आयुक्त करतात. वक्फ मालमत्तेसाठी वेगळा कायदा आणि वक्फ बोर्ड आहे. या नोंदणीने दानाचा पैसा राज्याच्या तिजोरीत जात नाही. तो ट्रस्टच्याच खात्यात राहतो आणि ट्रस्टच्याच उद्देशासाठी खर्चावा लागतो.

या कायद्याला जैन आणि पारशी विश्वस्तांनी आव्हान दिले होते. १९५४च्या रतिलाल गांधी निकालात सर्वोच्च न्यायालयाने हिशेब, तपासणी आणि नोंदणी मान्य केली. पण खुद्द धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त म्हणून नेमता येईल, आणि एका धर्माने दिलेला पैसा न्यायालयाला योग्य वाटेल त्या दुसऱ्या कामाकडे वळवता येईल, या तरतुदी रद्द केल्या. सरकार कारभाराला शिस्त लावू शकते, पण कारभार बळकावू शकत नाही. सत्तर वर्षे झाली, तरी याहून स्पष्ट रेघ आम्हाला दिसलेली नाही.

ताब्याची देवस्थाने मोजकी आहेत आणि प्रत्येकासाठी वेगळा कायदा आहे. पंढरपूरचा १९७३चा, सिद्धिविनायकाचा १९८०चा, शिर्डीचा २००४चा. पंढरपुरात बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क नाडकर्णी आयोगाच्या शिफारशीनंतर या कायद्याने संपवले. तो वाद जानेवारी २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिटला आणि देऊळ पूर्णपणे मंदिर समितीकडे आले. कोल्हापूरच्या अंबाबाईसह तीन हजारांहून अधिक देवळे पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत, ती संस्थानी काळातल्या देवस्थान खात्याचा वारसा म्हणून.

बडव्यांचा हक्क संपवणे योग्य होते, असेच आमचे मत आहे. पण त्या जागी सत्ताधारी पक्षाची माणसे बसवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. शिर्डी संस्थानावर सरकारने नेमलेले मंडळ औरंगाबाद खंडपीठाने सप्टेंबर २०२२मध्ये रद्द केले, ते नेमणुकांत कायद्याचे निकष पाळले नाहीत म्हणून. भक्तांच्या दानावर राजकीय शिक्का बसला की धर्माचेही नुकसान होते आणि सरकारचेही.

आता आपला ट्रस्ट. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट-१चा ताजा उतारा काढा. तो ट्रस्टचा सातबारा समजा. त्यात नाव नसलेला माणूस कागदोपत्री विश्वस्त नसतो. विश्वस्त वारला, राजीनामा दिला किंवा नवा निवडला, की नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. वीस वर्षे तो केलाच नसेल तर उशीर माफीचा अर्ज जोडून मृत्यूचे दाखले, सभेची नोटीस, हजेरी आणि ठराव क्रमाने द्या. बदल अर्ज अडकतात ते बहुतेक नोटिशीवरून. सभेची नोटीस ट्रस्टच्या घटनेत सांगितलेल्या मुदतीत आणि पद्धतीने दिली नाही, तर हरकतदाराला एवढे एकच भोक पुरते. मग दोन गट पडतात आणि बँकही खाते चालवू देत नाही.

दानपेटीला दोन कुलपे ठेवा, किल्ल्या दोन वेगळ्या विश्वस्तांकडे. उघडण्याची तारीख आधी फलकावर लावा. पंचांसमोर मोजणी, नोटा आणि नाणी यांचे वेगळे मोजणीपत्रक, सर्वांच्या सह्या, आणि रक्कम दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी बँकेत. सोन्याचांदीच्या वस्तू सराफाकडून तोलून घ्या आणि नोंदवहीत वजन, वर्णन, छायाचित्र ठेवा. हिशेब दर ३१ मार्चला मिटवा. देवस्थानची जमीन आयुक्तांच्या कलम ३६च्या मंजुरीशिवाय विकता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असेल, तरीही हीच मंजुरी लागते. गावकीने तोंडी ठरवून रस्त्याकडेचे गाळे पंधरा वर्षांसाठी दिले, ही चूक इतकी सर्रास आहे की आपल्याकडे झाली आहे का ते आजच तपासा.

विश्वस्तच ऐकत नसतील तर ट्रस्टशी हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती आयुक्तांची संमती घेऊन कलम ५०खाली दावा लावू शकतात.

प्रश्न : मुलीच्या दाखल्यावर धर्माचा रकाना कोरा ठेवायचा आहे. ठेवता येईल का? – आईवडील, ठाणे

उत्तर : येईल. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४मध्ये सांगितले आहे की कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याला नागरिकाकडून धर्म जाहीर करवून घेता येत नाही आणि ‘माझा कोणताही धर्म नाही’ असे सांगण्याचा हक्क अनुच्छेद २५मध्येच आहे. राजपत्रात तशी नोंद छापायला शासकीय मुद्रणालयाने नकार दिल्यामुळे ते प्रकरण उद्भवले होते. अर्जासोबत या निकालाची प्रत जोडा. ‘संगणक रकाना कोरा घेत नाही’ हे उत्तर हमखास मिळेल. ते लेखी मागा.

पण घाई करू नका. १९५०च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. शीख १९५६मध्ये आले आणि बौद्ध १९९०मध्ये. कुटुंब अनुसूचित जातीतले असेल आणि धर्माचा रकाना कोरा असेल, तर पुढे जात प्रमाणपत्र आणि जात पडताळणी दोन्हींत अडचण येऊ शकते. बौद्ध कुटुंबांनी वडिलांच्या आणि आजोबांच्या कागदांवर काय लिहिले आहे ते आधी जुळवून पाहावे. दुसरे असे, की वारसा हक्क अजूनही धर्मानुसार ठरतो आणि रकाना कोरा ठेवल्याने लागू होणारा कायदा आपोआप बदलत नाही. एरवी रकाना खुशाल कोरा ठेवा. २०११च्या जनगणनेत सुमारे २८ लाख ७० हजार लोकांनी धर्म नोंदवलेला नाही.

प्रश्न : घराच्या एका बाजूला मशिदीचा भोंगा, दुसऱ्या बाजूला गणपतीचा डीजे. तक्रार कशी करावी? – एक वाचक, भिवंडी

उत्तर : कायदा दोघांना एकच आहे आणि तक्रारही एकाच भाषेत करा. ‘त्यांचा बंद करा’ अशी तक्रार पहिल्या वाक्यातच वजन गमावते.

२०००च्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, जाहीर झालेल्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४० ही मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर लावता येत नाही. राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्री १२पर्यंत सूट देऊ शकते. डेसिबलची मोजपट्टी साधी नाही. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणून ‘फक्त वीसने जास्त आहे’ याचा अर्थ शंभरपट.

भोंगा हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये सांगितले. पोलिसांनी तक्रारदाराची ओळख उघड करू नये, आणि आधी ताकीद, मग दंड, मग यंत्रणा जप्ती व परवाना रद्द अशा चढत्या क्रमाने कारवाई करावी, असेही सांगितले. रस्ता अडवून मंडप घालणे हा धर्मस्वातंत्र्याचा भाग नाही, हे त्याच न्यायालयाने आधीच स्पष्ट केले होते.

११२वर फोन करा. तारीख, वेळ, ठिकाण आणि आवाजाची दिशा सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मोबाइलवरच्या ॲपचा आकडा पुरावा म्हणून टिकत नाही. पोलिसांकडच्या मापकाने मोजणी करण्याचा आग्रह धरा. पोलीस येईपर्यंत आवाज कमी होतो, म्हणून एका तक्रारीवर थांबू नका. तीन-चार दिवसांच्या तक्रार क्रमांकांची यादी जोडून पोलीस ठाण्याला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एका उमेदवाराने वाडीतल्या लोकांना देवळात नेऊन बेलभंडारा उचलून मताची शपथ घ्यायला लावली. हा गुन्हा आहे का? – एक मतदार, सोलापूर जिल्हा

उत्तर : आहे. ‘मत दिले नाहीस तर देव कोपेल’ असे मतदाराच्या मनात भरवणे हा निवडणुकीतला गैरवाजवी प्रभाव ठरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ आणि १७४ खाली त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय १९८८च्या धार्मिक संस्था दुरुपयोग प्रतिबंध कायद्याने प्रार्थनास्थळाचा राजकीय कामासाठी वापर करायला बंदी आहे, आणि तो होऊ देणारा पुजारी किंवा विश्वस्तही अडचणीत येतो.

निवडणुकीला आव्हान द्यायचे असेल तर ग्रामपंचायतीसाठी निकालानंतर पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज करावा लागतो. मुदत उलटली की मुद्दा कितीही खरा असला तरी उपयोग नाही. विधानसभा आणि लोकसभेसाठी पंचेचाळीस दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका आणि २,००० रुपये अनामत. तिथे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३ लागते. या कलमाचा मोठा इतिहास मुंबईतच घडला. १९८७च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून विजयी उमेदवाराची निवड रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते १९९५मध्ये कायम केले. सांताक्रूझच्या १९९०च्या निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंह प्रकरणात २ जानेवारी २०१७ला सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवले, की उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही.

पुरावा त्याच दिवशी गोळा करा. विधानसभा-लोकसभेच्या काळात ‘सी-व्हिजिल’ ॲपवर छायाचित्र किंवा दोन मिनिटांपर्यंतची चित्रफीत पाठवता येते. ग्रामपंचायतीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी कळवा. शपथ घ्यायला लावलेल्या माणसांपैकी निदान दोघे पुढे बोलायला तयार आहेत का, हे आधी शांतपणे विचारा. या प्रकरणांत साक्षीदार फुटतात ते लाचेने कमी आणि भंडाऱ्याच्या धाकाने जास्त. म्हणून त्यांना सांगा, की सक्तीने उचललेल्या शपथेला कायद्यात काही किंमत नाही आणि मत गुप्तच राहते.

प्रश्न : आमच्या देवस्थानच्या कारभारात मामलेदार का असतो? – एक महाजन, फोंडा, गोवा

उत्तर : गोव्यातली महाजनांची, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांची, देवस्थाने पोर्तुगीज काळातल्या १९३३च्या देवस्थान नियमावलीखाली चालतात आणि मुक्तीनंतरही ती नियमावली लागू राहिली. तिच्यानुसार तालुक्याचा मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो. समितीची निवडणूक आणि हिशेब यांच्याशी त्याचा संबंध येतो. पूजा कुणी आणि कशी करायची यात त्याने पडू नये. समितीच्या निवडणुकीला हरकत असेल तर आधी महाजनांच्या नोंदवहीत आपले नाव आहे याची प्रत काढा, कारण पहिला आक्षेप त्यावरच येतो, आणि ती प्रत जोडूनच मामलेदाराकडे अर्ज द्या.